स्त्रीवाद आणि विरोधी जोड्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विरोधी जोड्या म्हणजे नेमकं काय? स्त्रीवादी त्यांच्या मागे का लागतात?

पुरुष आणि स्त्री, बाहेर आणि घर, बुद्धी आणि भावना, काम आणि घरकाम, कमावता आणि अवलंबून. समाजाची बरीचशी मांडणी अशा जोड्यांवर उभी असते. या जोड्या सुट्या राहत नाहीत. बुद्धी म्हटलं की पुरुष, कचेरी आणि पगार पाठोपाठ येतात. भावना म्हटलं की बाई, स्वयंपाकघर आणि सेवा. एका जोडीला हात लावला की बाकीच्याही हलतात.

आक्षेप फरकाला नाही. माणसांमध्ये फरक असतातच. आक्षेप आहे तो फरकाची उतरंड करण्याला आणि त्या उतरंडीला ‘निसर्ग’ म्हणण्याला. फ्रान्समध्ये सिमोन द बोव्हार यांनी १९४९ मध्ये मांडलं की पुरुष हाच माणसाचा नमुना धरला जातो आणि स्त्री त्याच्या संदर्भात ‘इतर’ ठरते. एक बाजू मापाची, दुसरी मापली जाणारी.

दिवस-रात्र, डावं-उजवं याही जोड्याच ना? मग प्रत्येक जोडीत अन्याय कसा?

प्रत्येक जोडीत नसतो. फरक आणि उतरंड वेगळे करायला ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड यांनी १९९३ मध्ये पाच खुणा सांगितल्या. आपल्याकडच्या ‘शेतकरी’ आणि ‘शेतकऱ्याची बायको’ या जोडीला त्या लावून पाहू.

पहिली खूण, एका बाजूचं काम पार्श्वभूमीत ढकललं जातं. निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी, बियाणं राखणं, जनावरांचं शेण-पाणी हे बहुतांशी बायका करतात, पण ‘शेती कोण करतं?’ या प्रश्नाला उत्तर एकाच पुरुषाचं मिळतं. दुसरी, फरक ताणून टोकाचा केला जातो. औत हाकणं म्हणजे शेती, वाकून दिवसभर खुरपणं म्हणजे हातभार. तिसरी, एकीची ओळख दुसऱ्याच्या मापाने ठरते: ती कुणाची तरी बायको, सून किंवा विधवा. चौथी, तिच्याकडे साधन म्हणून पाहिलं जातं. मजुरीचा खर्च वाचतो तो तिच्यामुळे, पण तो हिशेबात लिहिला जात नाही. पाचवी, सगळ्यांना एका पिशवीत घालतात: ‘बायामाणसांना व्यवहारातलं काय कळतं’.

ही उतरंड कागदावरही असते. सातबाऱ्यावर, म्हणजे गाव नमुना सातवर, भोगवटादाराचा, म्हणजे जमीनधारकाचा, रकाना वेगळा आणि ‘इतर अधिकार’ वेगळा. बाईचं नाव सातबाऱ्यावर ‘आहे’ असं घरचे सांगतात तेव्हा ते कोणत्या रकान्यात आहे हे आधी बघा. वडिलांच्या पश्चात भावांची नावं भोगवटादार म्हणून आणि बहिणींची ‘इतर अधिकारात’, हा प्रकार महाराष्ट्रात वर्षानुवर्षं चालत आला. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, जमीन विकताना लागणारी सही, सगळं मुख्यतः भोगवटादाराच्या नावाने चालतं. नवरा गेल्यावर वारस नोंद होऊन फेरफार मंजूर होईपर्यंत, ज्या शेतात ती वीस वर्षं राबली त्या शेताच्या कागदावर ती कुणीच नसते. शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने १९८६ मध्ये चांदवडला मोठं अधिवेशन भरवलं आणि त्यानंतरच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत पुरुषांनी हयातीतच बायकोच्या नावे जमीन करावी असा आग्रह धरला. जोडीवर बोट ठेवणं आणि रकाना बदलायला लावणं तिथे एकाच वेळी झालं, म्हणून ती मोहीम महत्त्वाची.

डावं-उजवं या जोडीला या पाच खुणा लावून बघा. वळण सांगताना एकही लागू पडत नाही. मात्र नैवेद्य दाखवताना डावा हात चालत नाही, तेव्हा तिथेही उतरंड शिरलेली असते. म्हणजे जोडी तीच राहूनही संदर्भाप्रमाणे तिचं काम बदलतं.

हा सगळा पाश्चात्त्य विचार आहे ना?

नाही. ‘द्विभाजन’ (अशी दोन टोकांत विभागणी) यासारखी परिभाषा पुढे विद्यापीठांतून आली, पण विचार इथेच आणि लवकर झाला. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीच्या अनीतीवर झोड उठली. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध छापून त्याला उत्तर दिलं. त्यांची रीत आजही वापरण्यासारखी आहे. स्त्रियांवर लादलेले दुर्गुण त्या एकेक घेतात आणि प्रत्येकाला तीच मोजपट्टी पुरुषांना लावतात. साहस, कपट, व्यभिचार, अविचार. यातला कोणता दुर्गुण पुरुषात नाही? विधुराला दुसरं लग्न मोकळं आणि विधवेला बंद, तर ‘अनीती’ तयार कोण करतं? जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. पुढे निबंध विस्मरणात गेला आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा उजेडात आणला.

त्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ‘ज्ञानोदय’मध्ये महार-मांगांच्या दुःखाबद्दल लिहिते. बाळंत होणाऱ्या बाईच्या डोक्यावर छप्परही नसतं, हे ती सांगते. ‘पुरुष बाहेर, बाई घरात’ ही जोडी कुणाच्या घरावरून बेतली आहे, हा प्रश्न त्या एका तपशिलात आहे. पुढे बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह यांची सांगड जातीअंतर्गत विवाहाशी घातली. स्त्रीवरची बंधनं ही जात टिकवण्याची यंत्रणा आहे, हे इतकं स्पष्ट तोवर फार कमी लोकांनी मांडलं होतं.

घर खाजगी आणि बाहेरचं जग सार्वजनिक. यात चूक काय?

आपल्याकडच्या स्त्रीवादी लढ्यांचा मोठा भाग याच रेघेवर झाला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्यांनी नांदायला नकार दिल्यावर नवरा दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला, अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या. ‘घरात सरकारने ढवळाढवळ करू नये’ असं म्हणणारेच इथे बाईला नांदायला धाडण्यासाठी सरकारचा तुरुंग मागत होते. खाजगीपणाची भिंत एकाच बाजूने उघडते, हे त्या खटल्याने दाखवलं.

आजचे कायदे ही रेघ काही ठिकाणी ओलांडतात. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने ‘सामायिक घर’ ही संकल्पना आणली: घर कुणाच्या नावावर आहे याच्याशी बाईच्या राहण्याच्या हक्काचा संबंध नाही. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या मालकीचं घरही त्यात येऊ शकतं हे मान्य केलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत राहतं घरही येतं. एकाचं घर हे दुसरीचं कामाचं ठिकाण असतं. घरकाम करणाऱ्या बाईला तक्रार करायची तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. सर्वसाधारण मुदत घटनेपासून तीन महिने, आणि सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर घरकामगाराचं प्रकरण समितीने सात दिवसांत पोलिसांकडे पाठवायचं असतं. गाडं अडतं ते इथे: नोकरदार बायकांना ऑफिसची अंतर्गत समिती माहीत असते, पण घरकाम करणाऱ्या बहुतेक बायकांना स्थानिक समिती आहे हेच कुणी सांगितलेलं नसतं.

आणि काही ठिकाणी रेघ जशीच्या तशी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, बायको अठरा वर्षांवरील असेल तर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेली आहे.

घरकामाला ‘काम’ म्हणायचं हा केवळ शब्दांचा वाद नाही का?

पैशांचा वाद आहे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि ते करणारे पुरुष ९७ मिनिटं, असं दिसलं. मुळात ते काम करणारेच पुरुषांत सुमारे २६ टक्के आणि स्त्रियांत ८१ टक्के होते. अपघातात गृहिणी गेली की नुकसानभरपाई ठरवताना न्यायाधिकरणासमोर प्रश्न येतो: तिचं उत्पन्न किती? मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न कमावत्याच्या एक तृतीयांश धरलं जाई. २०१० मध्ये अरुणकुमार अग्रवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावर ताशेरे ओढले आणि जनगणनेत गृहिणींना भिकारी व कैद्यांच्या पंक्तीत ‘काम न करणारे’ म्हणून बसवण्यावरही नाराजी व्यक्त केली. २०२१ च्या कीर्ती खटल्यात तर याच सर्वेक्षणातली मिनिटं निकालपत्रात आली.

‘चांगली बाई’ आणि ‘वाईट बाई’ हीसुद्धा विरोधी जोडीच आहे का?

हो, आणि आमच्या मते सगळ्यांत घातक. ही जोडी पुरुष-स्त्री अशी विभागणी करत नाही, बायकांनाच एकमेकींपासून तोडते. देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने तिला ‘शरीरसंबंधाची सवय होती’ याचा आधार घेतला. उच्च न्यायालयाने पोलिसांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे संमती, असा तर्क होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच गृहीत धरायचं. पीडितेचं चारित्र्य उकरण्याची मुभा देणारं पुरावा कायद्यातलं कलम जायला मात्र आणखी जवळजवळ वीस वर्षं लागली.

महाराष्ट्राच्या डान्सबार बंदीत याच जोडीला वर्गाची किनार होती. मुंबई पोलीस कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीतलं ३३अ कलम बिअरबारमधला नाच बंद करत होतं आणि ३३ब कलम तारांकित हॉटेलांना सूट देत होतं. तोच नाच एका जागी अश्लील आणि दुसऱ्या जागी सांस्कृतिक. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो निकाल कायम केला. यावर स्त्रीवाद्यांचं एकमत नव्हतं, हे लपवू नये. काहींनी रोजगाराचा हक्क धरला. दलित स्त्री संघटनांतल्या काहींनी, विशिष्ट जातींच्या बायकांच्या माथी नाच मारण्याची परंपरा संपली पाहिजे म्हणून बंदीला पाठिंबा दिला. दोन्ही बाजू गंभीर होत्या. ‘स्वेच्छा की सक्ती’ या आणखी एका जोडीत प्रश्न कोंबला की दोन्हींचं म्हणणं ऐकू येत नाही.

बायका पुरुषांसारख्याच आहेत की वेगळ्या? एकदा काय ते ठरवा.

हा प्रश्नच सापळा आहे. एअर इंडियाचं प्रकरण पाहा. विमानात तेच काम करणाऱ्या पुरुषांचा आणि हवाई सुंदरींचा संवर्ग वेगळा होता. पुरुषांना निवृत्ती ५८ व्या वर्षी. बायकांना ३५ व्या वर्षी, किंवा नोकरी लागल्यापासून चार वर्षांच्या आत लग्न केल्याबद्दल, किंवा पहिल्या गरोदरपणी. १९८१ मध्ये नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट अमानुष ठरवून काढून टाकली, पण संवर्ग वेगळे असल्याने तुलनाच होत नाही असं म्हणत बाकी बराच भेदभाव राहू दिला. आधी मालकाने वेगळी पेटी केली, मग त्या वेगळेपणालाच कारण म्हणून पुढे केलं.

अमेरिकेत सिअर्स या दुकान-साखळीवरच्या खटल्यात उलट बाजूने तेच झालं. कमिशनच्या चांगल्या पगाराच्या जागा पुरुषांना का, याचं उत्तर म्हणून ‘बायकांची आवडच वेगळी’ असं सांगायला एक स्त्री इतिहासकार कंपनीतर्फे उभी राहिली, दुसरी विरोधात. १९८६ मध्ये कंपनी जिंकली. इतिहासकार जोन स्कॉट यांनी यावर १९८८ मध्ये लिहिलं की समता आणि भेद हे एकमेकांचे विरोधी नाहीतच. समतेचा विरोध विषमतेशी आहे. व्यवहारात याचा अर्थ असा: बाळंतपणाची रजा मागणं म्हणजे दुबळेपणा कबूल करणं नव्हे आणि समान पगार मागणं म्हणजे पुरुष होणं नव्हे.

‘स्त्री’ हा गट तरी पक्का आहे ना?

अमेरिकेतल्या जनरल मोटर्सवरचा डीग्राफनरीड खटला याचं नेमकं उत्तर देतो. कंपनीने १९६४ पूर्वी एकही काळी स्त्री घेतली नव्हती; नंतर घेतलेल्यांना मंदीत ज्येष्ठतेच्या नियमाने आधी काढलं. न्यायालयाने १९७६ मध्ये म्हटलं, बायकांना (गोऱ्या) कामावर घेतलेलं आहे, म्हणून लिंगभेद नाही. वंशभेदाची तक्रार वेगळी चालवा. दोन्ही एकत्र करून नवा वर्ग निर्माण करता येणार नाही. किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये छेदनबिंदूची, म्हणजे वंश आणि लिंग यांसारखे भेद एकाच व्यक्तीवर एकत्र येतात या विचाराची, मांडणी केली ती अशाच खटल्यांवरून.

आपल्याकडे १९९५ मध्ये गोपाळ गुरू आणि १९९८ मध्ये पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्यावर लिहिलं. चळवळीत ‘स्त्री’ म्हणजे सवर्ण स्त्री आणि ‘दलित’ म्हणजे दलित पुरुष असं धरलं जातं. दोन्हींच्या मध्ये जी राहते ती कुठेच मोजली जात नाही.

शरीरं तरी दोनच प्रकारची असतात ना?

बहुतेक शरीरं दोन नेहमीच्या घडणींत बसतात, सगळी नाहीत. प्रश्न रेघ कुठे ओढायची हा आहे. खेळात ही रेघ किती सरकते बघा. जागतिक ॲथलेटिक्स महासंघाने २०११ मध्ये महिला गटासाठी टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची मर्यादा लिटरमागे १० नॅनोमोल ठेवली. भारताच्या द्युती चंदने आव्हान दिल्यावर क्रीडा लवादाने २०१५ मध्ये ते नियम स्थगित केले. २०१८ मध्ये काही ठरावीक शर्यतींसाठी मर्यादा ५ झाली, २०२३ मध्ये २.५, आणि सप्टेंबर २०२५ पासून संप्रेरकाऐवजी जनुकाची चाचणी आली. गट ठेवायचे की नाही यावर मतभेद असू शकतात. पण चौदा वर्षांत चार वेळा बदललेली रेघ निसर्गाने आखून दिली आहे, असं म्हणता येत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात तृतीयपंथी व्यक्तींची स्वतःची लिंगओळख ठरवण्याची मुभा मूलभूत हक्कांत धरली.

मग जोडी उलटी करावी का? स्त्रीच श्रेष्ठ, स्त्री म्हणजे शक्ती?

मोह होतो, पण त्याने घर तेच राहतं आणि फक्त खुर्च्या बदलतात. ‘आई ती आई, तिच्या त्यागाला तोड नाही’ असं म्हणून २९९ मिनिटं कमी होत नाहीत. उलट कुरकुर करणारी आई नापास ठरते. नवरात्रात कुमारिकापूजन करणाऱ्या घरात मुलीच्या पाळीच्या दिवसांत तिला बाजूला बसवलं जातं, कारण देवी आणि विटाळ या दोन्ही कल्पनांत ती साधी माणूस नसतेच.

सगळे वर्गच पुसून टाकले तर?

तर मोजता येणार नाही. स्त्री-पुरुष असे रकाने नसतील तर मिनिटांचा फरक दिसणार नाही, जातीचा रकाना नसेल तर आरक्षण देता येणार नाही. वर्ग हत्यार म्हणून वापरावा, स्वभावाचा दाखला म्हणून नाही. हे दोन्ही सांभाळणं अवघड आहे, आणि ते अवघडच राहणार.

एखादा मजकूर किंवा नियम प्रत्यक्षात कसा तपासायचा?

‘घर सांभाळून नोकरी करणारी स्त्री’ हे कौतुकाचं वाक्य घ्या. आधी त्यातली न बोललेली दुसरी बाजू लिहून काढा: ‘घर सांभाळून नोकरी करणारा पुरुष’. हे वाक्य कानाला खटकतं, म्हणजे एका बाजूला घर गृहीत आहे आणि दुसरीला नाही. मग कामाचा हिशेब मांडा: सकाळचे डबे, सासऱ्यांची औषधं, मुलांची फी, गॅस सिलिंडर, प्रत्येकापुढे करणाऱ्याचं नाव, आणि वेगळ्या रकान्यात ते लक्षात ठेवणाऱ्याचं नाव. दुसऱ्या रकान्यातच खरी गोम असते. त्यानंतर विचारा की या वाक्यात कोण बसतच नाही: तिच्या घरी पोळ्या करायला येणारी बाई, जिला कुणी ‘घर सांभाळून नोकरी करणारी’ म्हणत नाही, जरी ती दोन्ही करते. शेवटी ही विभागणी कुठे लिहिलेली आहे ते शोधा: शाळेच्या पालकसभेची वेळ, ऑफिसची रजा, रेशनकार्ड.

चुका साधारण तीन ठिकाणी होतात. जोडी सापडली की काम झालं असं वाटतं आणि शेवटची पायरी राहून जाते. किंवा ‘सगळं सरमिसळ आहे’ असं म्हणून अन्याय कुणी केला हे सांगायचं टाळलं जातं. तिसरी चूक म्हणजे स्वतःच्या जातीवर्गाचं घर सगळ्यांचं घर समजणं.

आईचं नाव मधे लावायचा नियम आला. मग हा प्रश्न सुटला का?

थोडा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाने मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम सरकारी कागदपत्रांवर सक्तीचा केला. पालक म्हणजे वडील हे गृहीतक त्याने हललं आणि एकट्या आयांची शाळाप्रवेशातली काही वणवण वाचू शकेल. आडनाव मात्र सहसा वडिलांचंच राहतं. विवाहित स्त्रियांसाठी स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव हीच पद्धत पुढे चालू आहे. पुरुषाच्या नावात बायकोसाठी रकाना नाही. नाव बदलायचं नसेल तर लग्नानंतर आधार, पॅन आणि बँक खातं तसंच ठेवा. विवाहनोंदणीचा दाखला नातं सिद्ध करायला पुरतो. लग्न झालं म्हणून नाव बदलण्याची सक्ती करणारा कायदा नाही. खिडकीवरच्या कारकुनाने अडवलं तर तो नियम लेखी मागा.